आबांकडे पाठवलेला घाणा

मंगळ. ११ मार्च
मिरची आली, नंदुरबारची. रंग बरा. दोन पोती परत लावली, तळाला ओल होती. गाडीवाला म्हणाला, "आक्का, वरून बघा ना, कशी लालभडक हाय." म्हटलं, वरून तर तूही बरा दिसतोस.
कम्प्युटर बदलणार म्हणे. पेटी तीच, आतलं नवं. माझा रमेश सांगत होता, जुन्याला कंपनी आता हात लावणार नाही, बिघडलं तर बिघडलं. आठ वर्षं चाललंय ना? निवडणारीने टॅबवर हो दाबलं की माल भाजणीला, तिथून दळायला सलीमभाईकडे, मग माझ्याकडे वासाला, मग पॅकिंग. हो आल्याशिवाय पुढच्याने हात लावायचा नाही. माझं शिक्षण चौथी. हो आणि नाही कळायला तेवढं पुरतं.

गुरु. १३ मार्च
होळी. कम्प्युटर कंपनीची मुलगी आली, तेजस्विनी. नाव लांब, मी तेजू करून टाकलं. प्रत्येकाजवळ स्टूल टाकून बसते नि विचारते, तुम्ही काय करता, मग काय करता, नाही जमलं तर काय करता. भिंतीवर कागद लावलाय, त्यावर चौकोन, चौकोनातून बाण. माझी पाळी आली.
"आजी, तुमचं काम काय?"
"वास घेणं."
"आणि वास बरा नसला तर?"
"परत भाजणीला."
तिने तसा बाण काढला. त्यापुढचंही काही असतं, पण वर्षातून एकदोनदा होणारं, सांगायचं राहिलं. घरी पुरण वाटायचं होतं.

मंगळ. १८ मार्च
११८ वा घाणा आबांकडे पाठवला. कांदा-लसूण मसाला. सुका कांदा सटाण्याचा होता, कुठेतरी दमट लागलेला. दोनदा भाजला तरी मागून कुबट येतं. पहिल्या हुंगण्यात नाही, दुसऱ्यात.
रमेश चिडला. घोटीच्या दुकानदाराला पाडव्यानंतर माल द्यायचाय, त्यात हा धरलेला. "आई, लॅबचा रिपोर्ट चांगला आहे." म्हटलं, मग लॅबवाल्यालाच सांग आमटी करायला. आमचं नाव लोक डबा उघडल्यावर ओळखतात, तिथेच घालवू काय?

नात म्हणते, आजी, लिहितेस तर नीट लिही, मला नंतर कळायला हवं. तर लिहिते. जुन्यात बटणं दोनच, हो आणि परत. थांब असं नाहीच. आबा, म्हणजे आमचे मालक, जाऊन सहा वर्षं झाली, पण कम्प्युटरात त्यांचं नाव तसंच राहिलं. ते गेल्यावर महिन्याभरात सलीमभाईने एक घाणा माझ्याऐवजी चुकून त्यांच्या नावावर टाकला. बसला की तिथेच. पुढे जाईना, मागे येईना. सगळे कपाळाला हात लावून उभे. मलाच सुचलं, हे तर बरंय. तेव्हापासून संशयाचा माल आबांकडे. पोती मागच्या कोपऱ्यात, टॅबवर नाव आबांचं, आणि 'जाऊ द्या ना आक्का' म्हणायची सोय नाही. मेलेला माणूस भिडेला पडत नाही. जिवंतपणी लय पडायचा.

शुक्र. २१ मार्च
रमेशने नव्यात एक नियम घालून घेतला. काम ज्याचं आहे तो नसला तर चोवीस तासांनी माल आपोआप पुढे. मागे मी भाचीच्या लग्नाला गेले तर दोन दिवस सगळं माझ्या वासासाठी खोळंबलं, ते त्याला लागलंय. म्हटलं घाल बाबा, मी काय जन्माला पुरणार आहे?
दुपारी तेजूने नावांची यादी काढली. सगळे उभे होते. "हे कोण? सहा वर्षांत एकदाही आत आलेले नाहीत. यांच्याकडे नऊ कामं पडून आहेत."
सगळे माझ्याकडे बघतात. पॅकिंगच्या हिराबाईने डोळ्याला पदर लावला. नवरा माझा नि पदर हिचा.
म्हटलं, "काढून टाक. गेला तो गेला. नव्यात मेलेली माणसं न्यायची नाहीत."
रमेश म्हणे, "आई, नक्की?"
"वर्षश्राद्ध घालतोस ना? तेवढं पुरे."
तेजू विचारत होती, मग त्यांच्याकडच्या कामांचं काय करू. म्हटलं, आठ घाणे कधीच खड्ड्यात गेले. एक आहे, त्याची पोती कोपऱ्यात आहेत. पोत्याला पाय नसतात. तुझ्या कम्प्युटरात काय करायचं ते कर.
जाताना म्हणाली, "आजी, तुम्ही किती खंबीर आहात." खंबीर कसली. यादी आहे ती, फोटो नव्हे.

बुध. २६ मार्च
तालीम झाली. खोटे घाणे सोडले. खोटी मिरची, खोटी भाजणी, मी खोटा वास घेतला. परत दाबलं की परत गेलं, हो दाबलं की पुढे. नव्यात अक्षर मोठं आहे, तेवढं बरं केलं. हिराबाई पेठ तालुक्यातली, तिला वाचता येत नाही, तर तिला रंग दिलेत. हिरवं झालं की भरायचं. तीन वेळा करून दाखवलं तिने. माझ्याहून चटपटीत आहे, पण हे तिला सांगायचं नाही.
तालमीत सगळेच पैलवान.

रवि. ३० मार्च, पाडवा
तेजूला नवं शुक्रवारीच चालू करायचं होतं. रमेश म्हणाला, पाडव्याचा मुहूर्त सोडायचा नाही. विजेला मुहूर्त कळतो की काय. तरी शेडवर गुढी उभारली, कडुनिंब खाल्ला. अकराला जुनं बंद, नवं चालू. रमेशने कम्प्युटरसमोर नारळ फोडला, पाणी उडालं टेबलभर, तेजू ओढणी घेऊन धावली. पंधरा दिवस राबली पोरगी, आणि हा नारळाने बुडवत होता.
अर्ध्यात असलेला माल पण नव्यात आणलाय म्हणाली, जो जिथे होता तिथेच. छान. श्रीखंड दिलं तिला डब्यात.

सोम. ३१ मार्च
आज ईद, सलीमभाई सुट्टीवर. मी दाढेच्या डॉक्टरकडून बारापर्यंत आले. दारात टेंपो लागलेला, खोकी चढलेली. टेंपोच्या मागून जाते तर वास. दुसऱ्या हुंगण्यातला.
कोपऱ्यात गेले. कोपरा रिकामा.
हिराबाईला विचारलं.
"आक्का, टॅबवर हिरवं झालं व्हतं. सकाळी अकरालाच."
"कोपऱ्यातनं उचललंस ना? कोपऱ्यातला माल उचलतो का आपण?"
"नाय उचलत. पर म्या म्हनलं, आक्कांनीच आबांना काढलं. मंग आबांकडचं बी सुटलं आसंल."
बाई बरोबर बोलली. मालक नसलेलं काम, चोवीस तास, आपोआप पुढे. मीच काढायला लावलं आणि पोत्याला पाय फुटले. चुकलं माझं. एकदा लिहिलं, पुन्हा लिहिणार नाही.
खुर्ची घेतली आणि टेंपोच्या पुढ्यात बसले. ड्रायव्हरने हॉर्न दिला. म्हटलं, दे अजून, कानाने कमीच ऐकू येतं. रमेश आला, "आई, लोक बघतायत." बघू देत. "वास तुलाच येतोय आई, बाकी कोणाला नाही." हे मात्र लागलं. तरी उठले नाही. तीन वाजता खोकी खाली उतरली.

मंगळ. १ एप्रिल
तेजू आली, तोंड एवढंसं. "आजी, मला कोणी सांगितलंच नाही की तिथे नुसतं पडून राहणं हेच त्या नावाचं काम होतं." कोण सांगणार? आम्हाला तरी कुठे माहीत होतं. म्हटलं रडू नको, चौकोन काढ.
काढला. थांब. लाल रंगाचा. सलीमभाई शीरखुर्म्याचा डबा घेऊन आला, सगळं ऐकलं आणि म्हणाला, "आक्का, पहिली गलती तर माझीच. मीच टाकला होता आबांच्या नावावर." सहा वर्षांनी आठवलं त्याला.
नव्यात माणूस जिवंत लागतो. कारण लिहावं लागतं. आणि मुदत, सात दिवस. मुदत संपल्यावर आपोआप पुढे जाणार नाही, एवढं मी करून घेतलं. पण उत्तर द्यावंच लागणार. पाठवा, नाहीतर फेका. नुसतं पडून ठेवता येणार नाही.
"नाव कोणाचं घालू?"
रमेश घाईघाईने म्हणाला, माझं नको, मला दुकानदारांना तोंड द्यायचं असतं. सलीमभाई छताकडे बघत होता. मग माझं. अकरा वाजता ११८ माझ्या नावावर चढला. कारण म्हणून लिहिलं, वास.
"एवढंच, आजी?"
"एवढंच."

शुक्र. ४ एप्रिल
रमेशने स्वतः चहा आणून दिला. आलं घालून. लग्न झाल्यापासून त्याने कोणाला चहा दिलेला मी पाहिला नव्हता. "घोटीवाल्याचा परत फोन होता, आई. तो म्हणतो दुसरीकडून घेतो." म्हटलं, घेऊ दे, आमचं नाव लावून कुबट घेण्यापेक्षा बरं. "दुसरा घाणा व्हायला दहा दिवस लागतील." लागू देत.
मग सलीमभाई आला. नुसता उभा राहिला. मग सून आली, तिला सहज काहीतरी विचारायचं होतं. आबांकडे असताना कोपऱ्याकडे कोणी फिरकत नव्हतं. आता माझ्याकडे दर्शनाची रांग.
मी भिडेला पडत नाही. हे मी आजवर म्हणत आले. आजवर कोणी आलं चहा घेऊन एवढ्यासाठी? नव्हतं आलं. तिथे आबा होते.

रवि. ६ एप्रिल
शेड बंद. किल्ली घेऊन एकटीच गेले. पोतं उघडलं. पहिलं हुंगणं, दुसरं, तिसरं. काही नाही. बाहेर जाऊन तोंडावर पाणी मारलं, परत आले. काही नाही.
वास गेला की नाक गेलं?
हिराबाई शेडच्या मागेच राहते, तिला बोलावलं. काही न सांगता पोतं पुढे केलं.
"कसा हाय?"
"तुमी सांगा आक्का."
"मी सांगितलं तर तुला कशाला बोलावलं?"
"तुमी सांगा, मंग मी बी तेच सांगते."
घरी पाठवली तिला.

सोम. ७ एप्रिल
सकाळी नव्याने सहा घाणे सुरळीत काढले. एकही अडकला नाही. चांगलं केलंय पोरीने, खोटं कशाला बोलू. टॅबवर ११८ लाल. खाली लिहून येतं, उद्या अकराला मुदत संपते.
संध्याकाळी वाटीभर मसाला पदरात आणला, ११८ चा. सुनेला म्हटलं, आज आमटी मी करते. कोणाला काही सांगितलं नाही. मी आधी चाखली. तिखटपणा बरोबर, लसूण पुढे. मागून काही येतंय असं वाटलं, पण शोधायला गेलं की सगळंच येतं.
रमेश जेवायला बसला. पाच वर्षांचा होता तेव्हापासून आमटी दोनदा घेतो. तापात असला तरी दोनदा. आज एकदा घेतली, वाटी बाजूला सरकवली, पाणी प्यायला.
मी पळी हातात धरून उभी. "वाढू?"
"नको, पोट भरलं." मग भात मात्र दहीभात म्हणून दोनदा घेतला.
चांगली म्हणाला नाही, वाईट म्हणाला नाही. त्याला माहीत नाही त्याने काय खाल्लं.
उद्या अकराच्या आत त्याला टॅबसमोर बसवते आणि सगळ्यांसमोर विचारते, काल दुसऱ्यांदा का घेतली नाहीस. तो काय सांगेल त्यावर बटण. खरं सांगेल का, तेवढंच बघायचंय. त्याच्या बापाने सांगितलं नसतं.