गुडघा वाकवायचा खेळ

आई,

मागच्या महिन्यात तुझ्या जावयांच्या छातीत दुखलं. वेळेत दवाखान्यात नेलं म्हणून निभावलं. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. चार दिवस ते जॉगिंग ट्रॅकवर गेले, पाचव्या दिवशी बूट दारातच राहिले. मी चिडले, नको ते बोलले. ते शांतपणे म्हणाले, "तिथं एकटं फिरताना आपण आजारी आहोत हेच सारखं डोक्यात येतं गं." हे गाऱ्हाणं मला ओळखीचं होतं. नऊ वर्षांची असताना मीही हेच करत होते, फक्त मला ते असं सांगता आलं नव्हतं.

झेंडूच्या क्रेट भरलेल्या टेम्पोवरून मी पडले ते साल. मांडीचं हाड मोडलं, अडीच महिने प्लास्टर. ते काढलं तेव्हा हाड जुळलं होतं, पण गुडघा काठीसारखा ताठ. "रोज वाकवा, नाहीतर असाच राहील," डॉक्टर म्हणाले. तू मला ओट्यावर बसवतेस, पाय हातात धरतेस, आणि मी अशी किंचाळते की शेजारच्या बाया गोळा होतात. तिसऱ्या दिवशी तू पाय सोडून दिलास आणि पदर तोंडाला लावून आत गेलीस. मला वाटलं, सुटले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तू अंगणात गोणपाट अंथरलंस, बाजारातून परत आलेली फुलं त्यावर ओतलीस आणि घरातल्या सगळ्यांना हाक मारलीस. पायाच्या बोटांनी फूल उचलायचं आणि गुडघा वाकवून पाटीत टाकायचं. हात लावला की बाद. अण्णा नुकतेच वावरातून आले होते. ते म्हणाले, "दिवसभर राबून आलोय मी. मला कशाला पाहिजे व्यायाम?"

"तुमच्यासाठी नाय," तू म्हणालीस. "ती एकटीच करती, म्हणून तिला शिक्षा वाटती. सगळ्यांनी केलं तर खेळ होईल."

अण्णा पायजमा वर खोचून गोणपाटावर येऊन बसले. मग दादा आला, काकू आली, आजोबाही खाटेवरून खाली उतरले. त्या दिवशी माझं एकही फूल पाटीत पडलं नाही, पण मी रडलेही नाही. पुढे रोज काहीतरी नवीन. कधी बेडकासारखं बसून अंगण ओलांडायचं, कधी एका पायावर उभं राहून शंभर मोजायचे. एकदा अण्णा उताणे पडले आणि पडल्या पडल्याच हसत राहिले. आपल्या घरात मोठी माणसं असं हसत नसत.

एक दिवस माझ्या लक्षात आलं की आजोबा मुद्दाम फुलं पाडताहेत, मी जिंकावं म्हणून. मला इतका अपमान वाटला की मी पाटीला लाथ मारली, त्याच पायानं. तू समजूत काढली नाहीस. "उचल ती पाटी," म्हणालीस. "म्हातारा माणूस तुझ्यापायी वाकतोय, आन् तू लाथ मारती?" मी एकेक फूल वेचलं. वेचताना मी उकिडवी बसले होते. तुझ्या ते लक्षात आलं, माझ्या आलं नाही. तू तोंड फिरवून चुलीकडे गेलीस. दिवाळीत मी पंगतीत मांडी घालून जेवले.

आता मी तेच करते. संध्याकाळी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये आम्ही चौघं जमतो. हे, मी, तुझी नात आणि सासूबाई. लंगडी असते, शिवाशिवी असते. यांना पळायचं नाही, म्हणून यांच्यावर राज्य आलं की सगळ्यांनी चालतच खेळायचं, हा नियम नातीनं काढलाय. पहिल्या दिवशी तिला लाज वाटत होती, वरच्या मजल्यावरचे लोक बघत होते. आता त्यांच्यातलेही दोघं खाली येतात. हे न सांगता खाली उतरतात. परवाच्या तपासणीत डॉक्टरांनी मान डोलावली.

पण आई, मी वही उघडली ती हे सांगायला नाही. आजोबा गेले, मग अण्णा गेले, दादा पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये कामाला लागला, काकू लेकाकडे गेली, आणि त्या अंगणात तू एकटी राहिलीस. तुझी शुगर वाढली, पाय सुजायला लागले. मी रोज फोन करायचे आणि पहिला प्रश्न तोच विचारायचे, "चाललीस का आज?" तू म्हणायचीस, "हो बाई, चालले." एकदाच तू म्हणालीस, "तू ये ना गं, दोघी जाऊ मळ्यापर्यंत." मी म्हटलं, "आधी तू सुरुवात तर कर."

तू गेल्यावर हे पत्र आता कुठं टाकणार? वहीतच राहील. म्हणून लिहून ठेवते. तू चालत नव्हतीस हे मला माहीत होतं. तुझ्या आवाजावरून कळायचं. तरी मी ते 'हो' रोज खरं मानून घेतलं, कारण तू 'नाही' म्हणाली असतीस तर मला यावं लागलं असतं. वणीच्या रस्त्यानं तासाभराचं तर अंतर होतं.