धुवून टाकलेलं फडकं

वेंडेल,

सूप फ्रिजमध्ये आहे, गरम करून खा. सकाळी तुझ्यावर खेकसले, पण ते मळकं फडकं नव्हतं रे. एल्सपेथ इतकी वेळेआधी जन्मली की तिला अजून छातीशी धरता येत नाही. म्हणून नर्स तिच्या काचेच्या पेटीतलं फडकं मला घरी देते. त्याच्या वासावरच मला पान्हा फुटतो. तू ते साबणाने धुतलंस आणि आज दोन चमचेही दूध निघालं नाही.

बर्फ पडतोय, तरी मी बसने जातेय. गाडी तुला ठेवलीय. टेबलावर कोरं फडकं आहे. दिवसभर शर्टाच्या आत ठेव आणि संध्याकाळी तिच्या पेटीत ठेवायला तूच घेऊन ये. तीन आठवडे झाले, तू हॉस्पिटलच्या पार्किंगमधूनच माघारी फिरतोस. जीव लावायची भीती वाटते तुला, कळतं मला. पण ती गेलीच, तर बापाचा वास कसा असतो ते न कळताच जाईल.

लोर्ना