रिकामं ठेवलेलं स्वयंपाकघर

चि. चिमणीस,

उशिरा लिहितोय, रागावू नकोस. तू मागितलेलं आपल्या घराचं पुठ्ठ्याचं मॉडेल बांधून ठेवलंय. खोलीखोलीत कापूस भरला, खोक्याला बाहेरून दुसरं खोकं केलं. वाटेत भिंती दबतील याचीच धास्ती. स्वयंपाकघर मात्र रिकामं ठेवलं. तुझ्या आईला कोंडलेलं सोसायचं नाही.

तुला बोललो नव्हतो, पण ती गेल्यापासून संध्याकाळी इथल्या स्वयंपाकघरात भांडी वाजायची. मी बाहेरून "झालं का गं?" विचारलं, की थांबायची. खोकं बंद केलं आणि घर चिडीचूप झालं.

काल कुरिअरचा माणूस आला. त्याने खोकं उचललं आणि लगेच खाली ठेवलं.

"आजोबा, मांजर भरलंय का आत? भांडी पाडतंय!"

मी त्याला परत पाठवलं.

तुझी आई शेवटपर्यंत तुझं घर बघायचं म्हणत होती. तिला जाऊ दे म्हणतो, पण मग मी कुणाशी बोलू? आज झाकण उघडायला गेलो, तर आतून कुणीतरी ते घट्ट ओढून धरलं.

पत्र टाकायलाही बाहेर पडवत नाही. ती घरात एकटी राहील. पाठवू का तिला? लवकर कळव गं.

तुझे,
बाबा