फणसाचा चीक

शुक्रवार, दिवेलागण

चर्चमागचा फणस आज पाडला. गाड्या लावायला जागा पाहिजे म्हणे. पोटातच गेलेल्या बाळाच्या नावानं झाड लावायची आमच्या गावची रीत. हा फणस माझ्या बाळाचा. रविवारी गर्भातल्या जीवांसाठी प्रार्थना म्हणणारे आम्हीच. मग ह्याला जीव न्हवता काय? फादरना विचारलं, तर ते गड्यांना फांद्या उचलायला सांगायला लागले.

बुंध्यावर हात ठेवला. पांढरा चीक, दुधासारखा, आणि कोमट. उन्हानं असेल? ऊन तर कधीच उतरलं होतं.

घरी येऊन परत परत साबण लावला. चीक निघत न्हाय.

"खोबरेल लाव गं, लगेच जातोय," थोरली आक्का म्हणाली.

बाटली समोरच आहे. छाती जड झालीय, बाळ गेल्यावर दूध दाटलं तेव्हा झालती तशी. तेल लावणार न्हाय.