पाचवा उद्गार आमच्या घरातला

१२ मार्च २०२३, रविवार

नाही म्हणजे नाही! माझ्या देखत तरी असं होऊ देणार नाही.

उपासना सुटल्यावर मानसिंगने गाठलं. पंचकमिटीचा नवा सेक्रेटरी. चपलेचा पट्टा ओढत, माझ्याकडे न बघता म्हणतो, "काकू, यंदा गुड फ्रायडेला पाचवा उद्गार दुसऱ्या कुणाला देऊ या का? सुमंतकाकांना उगाच त्रास की."

मी म्हटलं, "काकांना विचारलंस?" पुन्हा पट्टा ओढायला लागला. विचारणार काय! ह्यांना झटका आला त्याला वर्ष होत आलं. काठी घेऊन चालतात, डाव्या हाताने जेवतात, समजतं सगळं. बोलणं तेवढं गेलं. आवाज येतो, शब्द येत नाही. पण म्हणून जिवंत माणूस मोडीत काढायचा?

घरी येऊन भाजी करपवली. हे निमूट जेवले.

१४ मार्च

पाळकसाहेब घरी येऊन गेले. चर्चला नवीन आहेत, नगरकडचे. पोरगेलेच आहेत. विचारतात, "पाचव्या उद्गाराचं एवढं काय आहे, काकू?"

मग बसवलं त्यांना आणि सांगितलं. चर्च म्हणजे आमचं देऊळ, त्याच्या काळ्या दगडाच्या भिंती, मिशनच्या साहेबाने बोटीतून आणवलेली घंटा, प्लेगात बंद न पडलेली उपासना — हे सगळं दारातल्या पाटीवर आहे. पाटीवर नाही ते सांगितलं.

गुड फ्रायडेला बारा ते तीन उपासना. वधस्तंभावरचे प्रभूचे सात उद्गार, प्रत्येकावर मंडळीतला एकेक जण बोलतो. पाचवा तहानेचा. त्या तीन तासांत कुणी पाण्याला शिवत नाही. तेही सोलापूरच्या उन्हाळ्यात!

त्र्याहत्तर साली, दुष्काळात, पाचवा उद्गार माझ्या सासऱ्यांकडे होता. मिलमध्ये जॉबर, म्हणजे मुकादम, होते ते. सगळ्या गल्लीत पाणी होतं ते देवळाच्या आवारातल्या विहिरीला. आणि मंडळीने फाटकाला कुलूप घातलं होतं. आपल्यालाच पुरायचं नाही म्हणून! पाहुण्यांना सांगताना आमची माणसं हे कुलूप गाळतात. मी नाही गाळलं. सासरे बोलायला उभे राहिले, 'तहान' म्हणाले आणि पुढे शब्द फुटेना. खिडकीतून फाटकाबाहेरच्या बायका दिसत होत्या, काखेत रिकाम्या घागरी. सासरे खाली उतरले, किल्ली घेतली, फाटक उघडलं. त्या वर्षी सहावा आणि सातवा उद्गार झालेच नाहीत. सगळी मंडळी विहिरीवर पाणी शेंदत होती. हे तेव्हा कॉलेजात. हातांना फोड आलेले, फार कौतुकाने सांगायचे.

पुढच्या वर्षी तीन वाजता उपासना सुटली तर फाटकाशी गल्लीतल्या लोकांनी भरलेल्या घागरी आणून ठेवलेल्या! तेव्हापासून दर वर्षी ठेवतात. विहीर केव्हाच बुजली, घागरी चालू आहेत. पहिली घागर समोरच्या हुसेनसाबच्या घरची. आधी त्याचे वडील आणायचे, आता तो.

पाळकसाहेबांचा चहा गार झाला. म्हणाले, "मग पाचवा उद्गार ह्याच घरात राहील. कसं करायचं ते तुम्ही दोघं ठरवा."

ह्यांनी त्यांचा हात सोडलाच नाही कितीतरी वेळ.

१५ मार्च

एक गोष्ट इथे लिहायला हरकत नाही. सासऱ्यांनंतर पाचवा उद्गार ह्यांच्याकडे आला, तेव्हापासून दर वर्षी लिहून मी देते. शाळेत मराठी शिकवण्यात जन्म गेला, मला सुचतं. ह्यांना आवाज होता. असा आवाज, की पुरुषांच्या बाजूची दगडासारखी माणसंसुद्धा नाक शिंकरायची. मी बायकांच्या बाजूला. आमच्याकडे अजून बाजू वेगळ्या, जाजमावर बसायचे तेव्हापासून.

बाईने उद्गारावर बोलायचं नाही असा नियम कुठे नाही. कुणी बोललेली नाही, एवढंच.

वाईट वाटायचं का? वाटायचं कधीकधी. मग घरी आल्यावर हे म्हणायचे, "बरं झालं ना गं तुझं?" माझं! एवढं ऐकलं की जायचा राग.

२१ मार्च

फार नाही, ह्यांना एक वाक्य यायला हवं. बाकीचं नाही झालं तरी चालेल. रोज न्याहारीनंतर बसवते. आज 'तहान'मधला 'त' आला, 'हा' काही येईना. घामाघूम झाले. मग मी लिहिलेला कागद माझ्याकडे सरकवला. मी परत त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी परत सरकवला. मी ओरडले! वर्गात कधी ओरडले नसेन इतकी.

नंतर आत जाऊन रडले. बाहेर आले तर हे कागद धरून तसेच बसलेले, पोराने पाटी धरावी तसे. बोटाने कागदावर टकटक, मग माझ्याकडे बोट. तूच वाच.

बरं, वाचते. ऐकून ऐकून तरी येईल.

२४ मार्च

आजपासून रोजे. तरी हुसेनसाब संध्याकाळी येऊन बसला. "भाबी, चाय नक्को अब महिनाभर."

मी ह्यांना वाचून दाखवत होते. हे डोळे मिटून ऐकतात. मध्येच पंजा दाखवतात — थांब. मग हात हळू खाली — सावकाश. मग पुन्हा पहिल्यापासून! हुसेनसाबला हसू आवरेना. "सुमंतभाई तुमारेकूच पढारे क्या, भाबी?"

मी म्हटलं, "पढवू दे. जन्मभर मी दुसऱ्यांना पढवलं."

हेही हसले. किती दिवसांनी! तोंड एका बाजूला जातं, पण हसू तेच आहे.

२ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

मानसिंग पुन्हा आला. "काकू, मी वाचतो. काका शेजारी उभे राहतील." आज नजर चुकवली नाही. पोरगा वाईट नाही, त्याला ह्यांची लाज नाही, काळजी आहे. हे मला आज कळलं.

पण ह्यांनी जोरजोरात मान हलवली, काठी आपटली. स्वतःच बोलणार!

शांतम्मा देवळात माझ्या शेजारीच बसते, तिने ऐकलं. "बोलू दे की गं. आ-ऊ केलं तरी देवाला कळतं." देवाला कळेल. पण माणसं कशी बघतील? कीव करतील. ह्यांच्या आवाजावर जीव टाकणारी माणसं ह्यांची कीव करतील, ते मला नाही बघवणार.

३ एप्रिल

वाचन. चार वेळा तरी. माझाच घसा बसला.

६ एप्रिल

शब्द आलेला नाही. आज मीच हात जोडले. म्हटलं, "राहू द्या. मानसिंगला वाचू दे. तुम्ही तिथे उभे राहून धडपडाल, आणि मला बाजूला बसून बघावं लागेल. मला नाही जमायचं ते."

त्यांनी रुमाल काढला, डाव्या हाताने माझे डोळे पुसले. वेडेवाकडे, चष्म्यासकट. मग कागद उचलून माझ्या मांडीवर ठेवला. वाच!

वाचलं. कागदाकडे बघायला लागत नाही आता.

७ एप्रिल, गुड फ्रायडे, संध्याकाळ

चौथा उद्गार संपला. हे उठले. मी डोळे मिटून घेतले. काठीचा आवाज जवळ यायला लागला तेव्हा उघडले. हे पुढे गेलेच नव्हते. मधली वाट ओलांडून बायकांच्या बाजूला आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. वाटलं, बरं वाटत नसेल, म्हणून मी आधार द्यायला उठले.

तर हे माझ्या जागेवर बसले! शांतम्माच्या शेजारी, बायकांत. आणि काठीने व्यासपीठ दाखवलं.

कागद ह्यांच्या खिशातच राहिला. मी बोलले.