बाहेरच्या कडीचा जामीन

बुलडाणा, ६ जानेवारी १९६४

तीर्थरूप बाबांस, सिंधूचा शि. सा. न. वि. वि.

जामीन राहणारा माणूस कशाची हमी देतो, बाबा? भाड्याची की भाडेकरूची? चार वर्षं कॉलेजात काढली, पण याचं उत्तर मला येत नाही.

घराच्या पुढच्या दोन खोल्या भाड्यानं द्यायला मी छापील अर्ज करून घेतले म्हणून गोजर आत्या हसते. भाडेकरू ठेवते की सून पाहते, असं विचारते. काल अडत दुकानातले दिवाणजी किसनराव नव्या बायकोला घेऊन आले. जामीन आपल्या रामराव पाटलांचा. पाटलांनी चिठ्ठीत लिहिलंय की लोणारला सत्यभामाबाईंकडे यांनी तीन वर्षं भाडं चुकवलं नाही. अर्जात बायकोचं नाव लिहिताना त्यांनी एक नाव खोडलं आणि अन्नपूर्णा लिहिलं. खोडलेलं रुक्मिणी असं वाचता येतं. बाईंनी चूल पाहिली नाही, मोरी पाहिली नाही. कडी आतून लागते का, एवढंच विचारलं. किसनराव दाराच्या बाहेरच्या बाजूला वीत लावून कडीचं माप घेत होते. खर्च माझा, म्हणाले.

मी सत्यभामाबाईंना पत्र टाकलं आहे.

आपली,
सिंधू

मोताळा, १० जानेवारी

चि. सिंधूले बाबाचे आशीर्वाद.

पाटील जामीन हायेत, मंग तू काऊन चौकशी करून राह्यली? आपली भाजीची गाडी त्याइच्या वावरातून सडकेवर जाते, हे कॉलेजात शिकवलं नसन. माणूस एखादं नाव चुकते. मी बी तुले हाक मारतानी आधी तुह्या मायचं नाव घेतो. खोल्या देऊन टाक. परवा पाटलानं मले बोलावून चहा पाजला अन् पोरगी लई शिकली का म्हून विचारलं. मले तो चहा गोड नाही लागला.

तुही माय वांगे पाठवून राह्यली. तब्येत सांभाळ, राग धरू नको.

मोतीराम

लोणार, १४ जानेवारी

सिंधूबाईंना सत्यभामाबाईचा नमस्कार.

पोस्टातल्या माणसाकडून न लिहवता भाचीकडून लिहवते. किसनरावाचं भाडं कधी थकलं नाही, हे खरं. त्याच्या बायका थकल्या. मंजुळा पहिल्या वर्षी विहिरीत सापडली. रुक्मिणी गेल्या आषाढात स्टोव्हनं जळाली. दोन्ही वेळा पाटील पोलिसांच्या आधी जीपनं आले, अन् पंचनाम्यावर पहिली सही त्यांची. मी काही पाहिलं नाही. रुक्मिणीच्या दाराला बाहेरून कडी होती, ती किसनरावानंच बसवली होती, एवढं मले माहीत आहे. मीही चांगला भाडेकरू म्हणून सांगत राहिले.

वाचून चुलीत घाला. माझ्याबद्दल वाईट मानू नका.

सत्यभामाबाई

बुलडाणा, २० जानेवारी

तीर्थरूप बाबांस, शि. सा. न.

लोणारचं पत्र चुलीत घातलं नाही. नक्कल सोबत आहे. आईला वाचून दाखवा, मग पुढचं वाचा.

घर लागेपर्यंत अन्नपूर्णाबाई धाड गावी माहेरी आहेत, असं अर्जात होतं. रविवारी एस.टी.नं गेले आणि तिच्या आईसमोर, तानाबाईंसमोर, पत्र वाचलं. त्या म्हणाल्या की पोरीला ठेवून घेतलं तर पाटलाच्या एका निरोपावर तिचे भाऊच तिला सासरी घालतील. अन्नपूर्णाबाईंनी आत जाऊन ट्रंक बाहेर आणली.

आज त्या पुढच्या खोल्यांत आहेत. शिवणावर पोट भरेन, म्हणतात. आत्यानं त्यांना आपलं जुनं मशीन दिलं आणि मला पुन्हा हसली नाही. सुताराकडून आतून दुसरी कडी लावून घेतली. किसनराव दुपारपासून समोरच्या पानठेल्यावर बसून आहेत. पान खात नाहीत, नुसते दाराकडे पाहतात. संध्याकाळी पाटलांची जीप दोनदा गेली, दुसऱ्यांदा अगदी हळू.

उद्यापासून आपली गाडी अडेल, बाबा. तुम्हाला न विचारता केलं. पाटलांची चिठ्ठी रजिस्टरनं परत पाठवली. भाडेकरू अन्नपूर्णाबाई, एकट्या. जामिनाच्या जागी मी सही केली आहे. कशाची हमी दिली, ते आता मला ठाऊक आहे.

माया आहेच, ती या सहीनंतरही असू द्यावी.

आपली,
सिंधू