मौन भिंतीतली खिडकी

मी, धंद्याने वास्तुरचनाकार, वय वर्षे एकोणऐंशी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला जोडला आहे. याआधीचं मृत्युपत्रही शुद्धीतच लिहिलं, असा माझा समज होता. ते रद्द समजावं. त्यात हे राहतं घर मी माझ्या पट्टशिष्याने काढलेल्या माझ्याच स्मारक समितीला दिलं होतं, आत एक खिळाही ठोकू नये या अटीवर. पत्नीला राहायचा हक्क होता, खिळ्याचा नव्हता.

कलम एक. तत्त्वज्ञानाचे दोनशे बारा ग्रंथ पट्टशिष्याला द्यावेत. पेन्सिलीच्या खुणा चाळिसाव्या पानापर्यंतच आहेत, कारण त्यापुढे मी एकही ग्रंथ वाचलेला नाही. तेवढ्या भांडवलावर एक शाळा, एक दवाखाना आणि मेहुण्याचं घर बांधलं. निरुपयोगी ते कुरूप, असं वाचलं त्या वर्षी शाळेच्या खिडक्यांवरचे छज्जे गेले आणि मुलं वर्गात भिजली. सामग्रीने खोटं बोलू नये, असं वाचलं तेव्हा दवाखान्याचा गिलावा गेला. रोग्यांची कोपरं सोलवटतात अशी डॉक्टरांची तक्रार आली, तर मी त्यांना ऐकवलं की सत्य बोचायचंच.

कलम दोन. भिंत सरळ उभी आहे का ते बघायचा माझा पितळी ओळंबा मेहुण्याला द्यावा. स्थिर असं जगात काहीच नसतं, या मतावर मी असताना त्याने घर बांधायला काढलं, हे त्याचं नशीब. भिंती तिरप्या झाल्या. कपाट भिंतीला टेकत नाही. मागच्या फटीत मांजर दोनदा व्याली. बावीस वर्षं तो माझ्याशी बोलत नाही. चूक माझी होती. हे वाक्य त्याला वाचून दाखवावं, पण मी गेल्यावर.

कलम तीन, घर. माझी सगळी सपाट छपरं गळतात, एवढं एक सोडून. लोक भांडायला आले की मी म्हणे, कल्पना शुद्ध असेल तर छप्पर गळत नाही, माझंच बघा. गेल्या महिन्यात पट्टशिष्याने विद्यार्थी आणले, त्यांनाही तेच सांगितलं. हे घर ज्याने बांधलं तो गवंडी त्या दिवशी टाकी दुरुस्त करत होता. मंडळी गेल्यावर तो खाली आला.

“साहेब, आता वय झालं, सांगूनच टाकतो. छपराला तीन इंच उतार दिलाय. बाईंनी सांगितलं होतं.”

मी वर जाऊन मोजलं. साडेतीन निघाला.

मग त्याने स्वयंपाकघरातली पश्चिमेची भिंत दाखवली. तिथे खिडकी हवी, असं ही एकतीस वर्षांपूर्वी तीनदा म्हणाली होती. तेव्हा मी शून्यवादाच्या ग्रंथावर होतो. भिंतीने मौन पाळावं, असं सांगून विषय मिटवला. तेव्हापासून ती भर दिवसा दिवा लावून स्वयंपाक करते आहे. त्या भिंतीत खिडकीच्या माथ्यावरचं लिंटेल आधीच टाकलेलं आहे, खाली विटा नुसत्या रचलेल्या. साहेबांना कधीतरी पटेल, असं बाई म्हणाल्या होत्या म्हणे.

मी हिला विचारलं, मग बोलली का नाहीस?

“तुम्हाला पुस्तकात सापडेल म्हणून थांबले.”

मला लाज वाटली. लिहून ठेवतो.

म्हणून हे घर संपूर्ण मालकीहक्काने पत्नीला. तिने खिळे ठोकावेत, गिलावा करावा, वाटल्यास गुलाबी रंग द्यावा. समितीने तिला माझे विचार समजावायला येऊ नये.

कलम चार. माझ्या पश्चात पश्चिमेची खिडकी उघडावी, असं लिहिलं होतं. वकील म्हणाले, मृत्युपत्र माणूस गेल्यावरच लागू होतं. तिला आणखी थांबवणं मला जमायचं नाही. गवंडी उद्या सकाळी येतो आहे, सबब हे कलम खोडलं आहे.

साक्षीदार : १. गवंडी (सही). २. दवाखान्याचे डॉक्टर (सही, कोपराला पट्टी).
घर जिला मिळतं तिला साक्षीदार होता येत नाही, असा नियम आहे. खरी साक्षीदार तीच होती.

लिहून देणार : सही
स्थळ : स्वयंपाकघर
दिनांक : १४ मार्च, दुपारी दोन, दिवा लावून.